खाऱ्या पाण्यातली तहान

समुद्रसर्पाचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो तो विषाचा. किती जालीम? चावला तर माणूस वाचतो का? प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येऊच. पण या प्राण्याचं खरं नवल कळायचं तर आधी एक बाळबोध वाटणारा प्रश्न विचारावा लागतो : हा पितो काय?

साप मुळात जमिनीवरचा. त्याच्या रक्ताचा खारटपणा समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे समुद्र त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेऊ पाहतो आणि मीठ आत घुसवू पाहतो. असा प्राणी जन्मल्यापासून मरेपर्यंत समुद्रातच राहतो, जमिनीवर पाऊलही टाकत नाही (पाऊल नाही हे मान्य), मग त्याच्या घशाखाली उतरतं काय? १९७१ साली अमेरिकी संशोधकांनी समुद्रसर्पाच्या जिभेखालच्या एका ग्रंथीचं काम उलगडून दाखवलं. रक्तातलं जादा मीठ ती गोळा करते आणि जीभ बाहेर आली की तिच्याबरोबर ते बाहेर टाकते. झालं, कोडं सुटलं असं सगळ्यांनी धरून टाकलं. साप खारं पाणी पितो आणि मीठ थुंकतो. पुढची कित्येक वर्षं हेच पुस्तकांत छापून येत राहिलं. साप खरोखर खारं पाणी पितो का, हे पाहायची तसदी मात्र फारशी कुणी घेतली नाही.

ती घेतली फ्लोरिडा विद्यापीठाचे हार्वे लिलीव्हाइट यांनी. प्रयोग इतका साधा की शाळेच्या प्रयोगशाळेतही सुचावा. तहानलेल्या सापाचं वजन करायचं, त्याला समुद्राच्या पाण्यात सोडायचं, काही तासांनी बाहेर काढून अंग नीट टिपून पुन्हा वजन करायचं. वजन वाढलं तर प्यायला, नाहीतर नाही. समुद्राच्या पाण्यात काटा हललाच नाही. कितीही तहानलेला साप असो, खाऱ्या पाण्याला त्याने तोंड लावलं नाही. तोच साप गोड्या पाण्यात सोडला की घटाघटा पिऊन जड होऊन बाहेर यायचा. अगदी फार पातळ केलेलं मचूळ पाणीही त्याला चालायचं. पहिले प्रयोग तैवानजवळच्या ऑर्किड बेटावरच्या समुद्री मण्यारींवर झाले. या मण्यारी किनाऱ्यावर येतात, अंडी घालतात, त्यामुळे बेटावरचे झरे त्यांच्या आवाक्यात असतात. आणि जिथे गोडं पाणी समुद्राला मिळतं तिथेच त्या जास्त सापडत होत्या.

पण जमिनीवर कधीच न येणाऱ्यांचं काय? त्यासाठी लिलीव्हाइट यांनी पिवळ्या पोटाचा समुद्रसर्प निवडला. वरून काळा, खालून पिवळाधमक, शेपटीवर काळे-पिवळे ठिपके. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदी आणि प्रशांत महासागर ओलांडून थेट मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत हा सापडतो. एवढा मोठा मुलूख जगातल्या दुसऱ्या कुठल्याच सापाच्या वाट्याला आलेला नाही. हा प्रवाहाबरोबर वाहत राहणारा साप आहे. तळ गाठत नाही, खडकात राहत नाही. कोस्टारिकाच्या ग्वानाकास्ते किनाऱ्यावर वर्षाचे पाच-सहा महिने पाऊस पडत नाही. त्या काळात पकडलेले साप पाण्यात असूनही कोरडे पडलेले निघाले. पाऊस सुरू झाल्यावर पकडलेले साप भरलेले.

समुद्रावर पाऊस पडला की काय होतं? पावसाचं पाणी हलकं, खारं पाणी जड. वारा पडलेला असेल, लाटा बेताच्या असतील, तर मोठी सर येऊन गेल्यावर समुद्रावर गोड्या पाण्याची पातळ साय धरते. काही वेळाने ती खालच्या पाण्यात मिसळून जाते. तेवढ्या अवधीत साप वर येऊन पितो. पुढची सर येईपर्यंत, मग ती चार दिवसांनी येवो की सहा महिन्यांनी, तो त्याच पाण्यावर काढतो. जिभेखालची ग्रंथी मीठ बाहेर टाकते हे खरंच आहे, पण तिच्या भरवशावर समुद्र पिता येत नाही. २०१४ आणि २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चातक पक्षी पावसाच्या थेंबावाचून पाणी पीत नाही असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. चातक प्रत्यक्षात असलं काही व्रत पाळत नाही. हा साप पाळतो.

ही तहान त्याला वारशाने मिळाली आहे. समुद्रसर्प नाग आणि मण्यार यांच्या घराण्यातले. पिल्लं घालणारे खरे समुद्रसर्प साठहून अधिक जातींचे आहेत आणि त्यांचे पूर्वज ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवरचे विषारी साप. पाण्यात उतरून त्यांना एक कोटी वर्षंही झालेली नाहीत. देवमाशांच्या पूर्वजांनी पाण्याची वाट धरली त्याला पाच कोटी वर्षं होत आली, त्या मानाने हे कालचे पाहुणे. मूळ पूर्वज आधीच पिल्लं घालणारे होते हे त्यांचं भाग्य, नाहीतर अंड्यांसाठी दरवेळी वाळूत यावं लागलं असतं. एवढ्या थोड्या अवधीत शरीर मात्र पार बदललं. शेपूट दोन्ही बाजूंनी दाबून उभी चपटी झाली. नाकपुड्या वर सरकल्या आणि त्यांना आतून बंद होणारे पडदे आले. पोटावरचे रुंद खवले, ज्यांच्या जोरावर साप जमिनीवर सरपटतो, ते इतके आक्रसले की बहुतेक जातींना वाळूवर टाकलं तर धड वळवळताही येत नाही. ओळखायची खूण शेपटीचीच. आपल्या खाड्यांत, कांदळवनाच्या चिखलात दिसणारा प्रत्येक साप समुद्रसर्प नसतो. तिथे बरेचदा निमुळत्या शेपटीचा, माणसाला अपाय न करणारा, कुत्र्यासारख्या तोंडाचा पाणसाप असतो, आणि तो बिचारा नावावरच मार खातो.

समुद्रात राहायचं तर अंगावर बिऱ्हाडं येतात. शेवाळ, शंखवर्गी दिसणारे बार्नेकल, काय वाटेल ते. खडकाला अंग घासून कात काढायची सोय भर समुद्रात कुठली? पिवळ्या पोटाचा साप यावर अजब तोडगा काढतो. तो स्वतःच्याच अंगाची गाठ मारतो, ती गाठ आवळतो आणि हळूहळू अंगावरून सरकवत नेतो. अंगाला अंग घासलं जातं, कात सैल होते, वरची घाण निघते. मग गाठ सोडवून पुन्हा संथ तरंगतो. दोन ते सहा आठवड्यांतून एकदा कात टाकणं हे या मंडळींचं नित्याचं काम. न्यू कॅलेडोनियात नुमेआ शहराजवळच्या पाण्यात तर कात टाकण्याला आणखी एक अर्थ आला आहे. तिथले कासवतोंडे साप, जे इतरत्र काळे-पांढरे पट्टेदार असतात, ते शहराच्या सांडपाण्याजवळ काळेकुट्ट दिसतात. काळ्या रंगद्रव्याला जस्त आणि आर्सेनिक चिकटतं, कात टाकली की तेही जातं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. शहराचा मैला सापाने अंगावरून उतरवावा, हे वाचून मला त्या शहराची जास्त लाज वाटली.

शिकारीची तऱ्हा जातीगणिक वेगळी. पिवळ्या पोटाचा साप पृष्ठभागावर काडीसारखा निपचित पडून राहतो. भर समुद्रात तरंगत्या वस्तूच्या सावलीला लहान मासे जमतातच, ते याच्याही खाली जमतात, बहुतेक शेपटीकडे. मग साप उलटा पोहतो, मागे मागे. शेपटीपाशी असलेले मासे आपसूक तोंडापाशी येतात आणि मान एकदम बाजूला झटकून तो पकडतो. प्रवाहांच्या संगमावर फेस, काटक्या, कचरा यांची लांबच लांब पट्टी तयार होते. तिथे हे साप हजारांनी जमलेले पाहिले गेले आहेत. गर्दीची सगळ्यात अचाट नोंद मात्र दुसऱ्या जातीची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजावरून विलोबी लो या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने तांबड्या-काळ्या जाडजूड सापांची गुंतलेली पट्टी पाहिली. सुमारे दहा फूट रुंद, आणि लो यांच्या अंदाजाने साठ मैल लांब. डेकवरून केलेले अंदाज फुगतात हे मला मान्य आहे, पण यातलं निम्मं खरं मानलं तरी आकडा लाखांत जातो. तसं दृश्य पुन्हा कुणी नोंदवलेलं नाही.

कोकणच्या जाळ्यांत सापडणारा चोचवाला समुद्रसर्प वेगळ्याच वळणाचा. गढूळ पाणी, खाडीचं मुख, चिखलाचा तळ ही त्याची जागा. तिथे तो तळाशी फिरून तोंडानेच शिकार चाचपतो. खातो काय, तर शिंगाळा आणि केंड! शिंगाळ्याचे काटे हाताला लागले तर काय होतं हे मासळी साफ करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, आणि केंड तर फुगतो वर विषारी. हॅरल्ड व्होरिस यांनी १९७०च्या दशकात मलेशियातल्या मुआर नदीच्या मुखाशी या सापांचा अभ्यास केला. काही सापांच्या पोटातून शिंगाळ्याचा काटा कातडी फाडून बाहेर आलेला होता, तरी साप जिवंत. ऑस्ट्रेलियाच्या खाड्यांतही हुबेहूब असाच चोचवाला साप आहे, तेच तोंड, तोच चिखल, तेच खाणं. शंभरावर वर्षं दोघांना एकच जात मानलं गेलं. २०१२च्या सुमारास श्रीलंकेचे कनिष्क उकुवेला आणि सहकाऱ्यांनी दोघांचे डीएनए तपासले तेव्हा कळलं की ते एकमेकांचे जवळचे नातलगसुद्धा नाहीत. चिखलाने आणि काटेरी माशांनी दोन वेगळ्या सापांना एकाच साच्यात घडवलं.

आणि काही जातींनी शिकार सोडूनच दिली. त्या खडकांतल्या माशांची अंडी खरवडून खातात. अंड्याला विष कशाला? अशाच एका जातीच्या विषाच्या मुख्य जनुकातली दोन अक्षरं गळालेली सापडली. विषाची धार पन्नास ते शंभर पटींनी उतरली, आणि तिचं काही अडलं नाही.

यावरून विषाचा प्रश्न सोपा होतो. समुद्रसर्पाचं विष माशासाठी आहे. मासा जागच्या जागी लुळा पडला नाही तर दोन क्षणांत हातचा जातो, आणि समुद्रात त्याचा माग काढता येत नाही. म्हणून इतकं जहाल. माणसावर ते वाया घालवायची सापाला हौस नसते. १९५० आणि ६०च्या दशकांत पेनांगमध्ये डॉक्टर असलेले अॅलिस्टर रीड यांनी शेकडो मच्छीमारांचे दंश तपासले, तेव्हा बहुतेकांच्या अंगात धोकादायक प्रमाणात विष गेलेलंच नव्हतं. पण जिथे गेलं तिथे खेळ गंभीर. दंश दुखत नाही, सूज येत नाही, इतका की काटा टोचला असं वाटावं. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग ठणकायला लागतं, मान आणि जबडा ताठरतो, पापण्या जड होतात. विष स्नायू फोडतं, त्यातलं रंगद्रव्य लघवीत उतरून ती गडद तपकिरी होते, आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. माणसाच्या मृत्यूंचा मोठा वाटा याच चोचवाल्याच्या नावावर आहे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. समुद्रसर्पाची लस ऑस्ट्रेलियात तयार होते. म्हणून ट्रॉलरवर जाळं उपसताना असा दंश झाला, तर दुखत नाही म्हणून तो काम संपेपर्यंत ताटकळत ठेवायचा नसतो. हालचाल कमी करून माणसाला लवकरात लवकर मोठ्या रुग्णालयात पोचवायचं, श्वास आणि मूत्रपिंडं सांभाळणारे उपचार तिथेच होतात.

'समुद्रसर्प अंगावर येतात' ही पाणबुड्यांची तक्रार मात्र जुनी. ग्रेट बॅरिअर रीफवर ऑलिव्ह समुद्रसर्प पोहणाऱ्याकडे सरळ येतो, पायाभोवती वेढे घालतो, पळालं तर पाठलाग करतो. टिम लिंच यांनी १९९४-९५ मध्ये पाण्यात उतरून याच्या नोंदी ठेवल्या. १५८ भेटींपैकी ७४ वेळा साप जवळ आले. त्यांत नर जास्त, आणि तेही विणीच्या हंगामात. २०२१ साली या नोंदींचा अर्थ छापून आला : नराला पाणबुडा ही मादी वाटते! पाण्यात त्याला दुरून धड दिसत नाही, जीभ अंगाला लागल्याशिवाय ओळख पटत नाही. प्रणयात मादी पळते आणि नर मागे लागतो, त्यामुळे घाबरून पळणारा पाणबुडा त्याची खात्रीच करून देतो. उपाय एकच, शांत उभं राहायचं आणि त्याला जीभ लावून निराश होऊ द्यायचं. भीतीने अर्धमेला झालेल्या माणसाला हे सांगणं सोपं, करणं अवघड.

शिकाऱ्यालाही शिकारी असतात. आपल्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पाण्यावरून साप उचलून झाडावर नेतो. प्रवाळखडकांत वाघशार्क त्यांना गिळतो, त्याच्या पोटात सापांचे अवशेष वारंवार मिळाले आहेत. ऑलिव्ह सापाच्या शेपटीच्या कातडीला उजेड कळतो. खडकाच्या कपारीत शिरलेला साप शेपटीवर प्रकाश पडला की ती आत ओढून घेतो. डोळे कपारीत आणि शेपूट बाहेर राहिली, तर शार्कला तेवढीही पुरते.

एवढं सगळं जमलेला हा प्राणी अटलांटिक महासागरात मात्र नाही. पनामाची जमीन तीसेक लाख वर्षांपूर्वी जोडली गेली, साप त्यानंतर तिथे पोचले असावेत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला तर पलीकडे बेंग्वेला प्रवाहाचं थंडगार पाणी. पनामा कालव्यात मध्ये गोड्या पाण्याचं गातून सरोवर आहे. १९७० साली आयरा रुबिनॉफ आणि हाइम क्रोपाच यांनी पनामात एक परीक्षा घेतली. प्रशांत बाजूच्या मोठ्या माशांपुढे पिवळ्या पोटाचा साप टाकला, त्यांनी तोंड फिरवलं. अटलांटिक बाजूच्या माशांनी मात्र निर्धास्त हल्ला केला, आणि काही दंशाने मेले. काळा-पिवळा रंग म्हणजे काय, हे एका समुद्राला ठाऊक आहे आणि शेजारच्याला नाही. सरोवराला बगल देऊन समुद्रसपाटीवरूनच कालवा खणायचा बेत तेव्हा चर्चेत होता, तो बारगळला हे बरंच झालं.

राहिली हवा. सापाला कल्ले नाहीत, तो फुप्फुसानेच श्वास घेतो. त्याचं एकमेव मोठं फुप्फुस मानेपासून जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेलं असतं. शिवाय पिवळ्या पोटाचा साप गरजेच्या प्राणवायूचा तिसरा हिस्सा कातडीतून थेट पाण्यातून घेऊ शकतो. त्यामुळे तीन-साडेतीन तासांची बुडी त्याला जमते. २०१९ साली दुसऱ्या एका जातीच्या डोक्यावर, कातडीखाली, रक्तवाहिन्यांचं दाट जाळं सापडलं, ते पाण्यातला प्राणवायू थेट मेंदूकडे नेत असावं. त्याच वर्षी वायव्य ऑस्ट्रेलियाजवळ २४५ मीटर खोलीवर पोहणाऱ्या समुद्रसर्पाचं यंत्राच्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण प्रसिद्ध झालं. तोवर या सापांची धाव शंभर-सव्वाशे मीटरपर्यंतच समजली जायची. खोलीचीच आणखी एक गोष्ट : तिमोर समुद्रातल्या अॅशमोर प्रवाळखडकावर एके काळी समुद्रसर्पांची रेलचेल होती. १९९८ नंतर ते घटत गेले आणि पंधरा वर्षांत जवळपास दिसेनासे झाले, कारण अजून वादात आहे. पण २०२१ साली तिथेच, आखूड नाकाचा एक साप, जो त्या खडकावरून नाहीसा झाला असं मानलं जात होतं, तो ६७ मीटरवर दिसला.

साडेतीन तासांची बुडी मारणारा साप ट्रॉलच्या जाळ्यात मात्र गुदमरून मरतो. निवांत तरंगताना पुरणारा प्राणवायू जाळ्यातल्या चेंगराचेंगरीत भराभर संपतो, आणि जाळं तासन्‌तास ओढलं जातं. सिंधुदुर्गाच्या पाण्यात ट्रॉलच्या आणि गिलनेटच्या जाळ्यांत मुख्यतः दोनच जाती येतात, चोचवाला आणि त्याचा धिप्पाड, आखूड भाऊबंद. चोचवाली मादी एका वेळी वीस-तीस पिल्लं घालू शकते, पहिल्या वर्षात त्यांतली बरीच मरतात, तरी हिशेब कसाबसा जुळतो. बहुतेक समुद्रसर्प एका विणीत चार-पाच पिल्लांवर थांबतात, त्यांना जाळ्याची तूट भरून काढणं जड जातं. जिवंत निघालेला साप आपले खलाशी शेपटी धरून समुद्रात भिरकावतात, त्यात त्यांचाही जीव टांगणीला असतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कोळंबीच्या ट्रॉलर्सनी जाळ्याच्या शेवटच्या पिशवीजवळ साप निसटतील अशी वाट ठेवून पाहिली. जाळ्यात अडकणारे साप बरेच घटले, आणि कोळंबी जवळपास होती तेवढीच मिळत राहिली.